ईसीजी नॉर्मल आहे, मग छातीत काय होतंय?

आमच्या मोहल्ल्यात अँग्झायटी कुणालाच होत नाही. इथं गॅस होतो, बीपी वाढतो, शुगर उतरते, 'दिल घबरारा', 'कैसा तो बी होरा' असं होतं, आणि काहीच कळेनासं झालं की कुणाची तरी नजर लागते. मी सोलापुरात वाढले. घरात दखनी आणि शाळेत मराठी, अशा दोन्ही भाषांत आजारी पडणारी माणसं बघत आले. मनाच्या दुखण्यासाठी आपल्याकडं शब्दच नाहीत, असं हल्ली परिसंवादांतून फार ऐकू येतं. मला ते पटत नाही. शब्द रग्गड आहेत. फक्त ते सगळे शरीराचे आहेत.

मराठीतलेच घ्या. छातीत धडकी भरते, पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते, हातपाय गळतात, दरदरून घाम फुटतो, डोळ्यांपुढं अंधारी येते, काळजाचा ठोका चुकतो. आता मानसोपचाराच्या पुस्तकातली पॅनिक अटॅकची लक्षणं बघा: हृदयाची धडधड, घाम, कंप, श्वास अपुरा पडणं, घसा आवळल्यासारखं वाटणं, छातीत दुखणं, मळमळ, गरगरणं, मुंग्या, अंगातून गरम वाफा किंवा थंडी, आणि 'आता मी मरणार' नाहीतर 'मला वेड लागणार' ही भीती. पुस्तक न उघडता आपल्या आज्यांना ही यादी तोंडपाठ होती. खुद्द अँग्झायटी हा शब्द लॅटिनमधल्या 'आवळणं, घुसमटवणं' अशा अर्थाच्या धातूवरून आलाय. आपली काळजी काळजाच्या किती शेजारी राहते, ते सांगायलाच नको.

उर्दूत 'हौल' आहे. हौल उठणं म्हणजे छातीत एकदम धसका बसून धडधडायला लागणं. मोगलांच्या काळात त्यावर उपाय म्हणून जेडच्या दगडाचं पदक गळ्यात घालायचे, त्याला हौलदिली म्हणत. शहाजहानच्या नावाचं असं एक पदक लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यावर हिजरी १०४१ हे साल कोरलंय, म्हणजे इ.स. १६३१-३२. मुमताज महल बुऱ्हाणपुरात गेली ती जून १६३१ मध्ये. बाकी तुम्ही समजून घ्या.

तेव्हा माझी तक्रार बोलणाऱ्यांबद्दल नाही. ते नीटच सांगतात. तक्रार ऐकणाऱ्यांबद्दल आहे. 'दिल घबरारा' म्हणणारा माणूस आपल्याकडं तीन ठिकाणी जातो: दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत, मेडिकलवाल्याकडं आणि आमिलकडं. तिन्हीकडं त्याचं बोलणं अर्धंच ऐकलं जातं.

माझा एक मावसभाऊ आहे, वय अडतीस. युनिफॉर्म शिवण्याचा धंदा, दर पंधरवड्याला सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई. गेल्या दीड वर्षात तो रात्री एक-दोनच्या सुमाराला पाच वेळा कॅज्युअल्टीत गेला. प्रत्येक वेळी भाभी मागं रिक्षात, मुलं शेजाऱ्यांकडं. पाच ईसीजी झाले, एक टूडी इको झाली, ट्रेडमिलवर पळवून झालं, रक्त तपासून झालं. सगळं नॉर्मल. प्रत्येक वेळी ड्युटीवरच्या डॉक्टरनं सांगितलं, "काही नाहीये, टेन्शन घेऊ नका," आणि ॲसिडिटीची गोळी लिहून दिली.

'काही नाहीये' हे वाक्य मला फार धोक्याचं वाटतं. डॉक्टरच्या तोंडी त्याचा अर्थ असतो, 'तुमच्या हृदयाला काही झालेलं नाही.' ही आनंदाची बातमी आहे आणि ती खरी आहे. पण ज्याची छाती आत्ता, या क्षणी, ढोल वाजल्यासारखी वाजतेय, त्याला ऐकू येतं ते वेगळंच: एकतर या डॉक्टरला रोग सापडला नाही, नाहीतर हा मला नाटकी समजतोय. पहिला अर्थ लागला तर माणूस दुसऱ्या दवाखान्यात जातो. दुसरा लागला तर पुढच्या वेळी तोंड मिटून पलंगावर बसून राहतो. मावसभावानं दोन्ही केलं.

वाक्य पूर्ण करायला अर्धा मिनिट लागतो. "तुमचं हृदय चांगलं आहे. धडधड खरी आहे, तुम्ही ती मनानं रचत नाही. धोका आला की अंग पळायला तयार होतं, तशी ही तयारी आहे; फक्त धोका नसताना झालीय. याला नाव आहे आणि इलाज आहे. परवा ओपीडीत या." एवढं बोलणारा एक डॉक्टर पहिल्या रात्री भेटला असता तर उरलेल्या चार रात्री वाचल्या असत्या. कॅज्युअल्टीत गर्दी असते हे मला ठाऊक आहे. पण तोच माणूस पाचदा येऊन गर्दी वाढवतोय, हेही बघा.

ही तयारी होते कशी, ते समजलं की अर्धी भीती उतरते, असा माझा अनुभव आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. धोक्याची वर्दी मिळाली की मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात. पळायचं तर मांड्यांना रक्त हवं, म्हणून हृदय जोरात चालतं. प्राणवायू हवा, म्हणून श्वास वाढतो. पचनाचं काम या घडीला बिनमहत्त्वाचं, म्हणून पोटाकडचं रक्त कमी होतं: गोळा, मळमळ, ढेकर, आणि एकदम संडासला पळावंसं वाटणं. लाळ आटते, म्हणून कोरड. पळताना अंग तापणार, म्हणून घाम आधीच. सगळे स्नायू ताणले जातात, अगदी फासळ्यांच्या मधलेसुद्धा, त्यामुळं छातीत दुखतं. ते दुखणंही खोटं नसतं. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली या सगळ्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून हे कोडं राहिलेलं नाही. चोर आल्यावर वाजायचा तो गाडीचा सायरन बोनेटवर मांजर उडी मारून गेलं तरी वाजतो, तसं हे आहे. सायरन बिघडलेला नसतो. जास्त हळवा झालेला असतो.

हृदयाच्या डॉक्टरांचाही यात गोंधळ झाला, तो आजचा नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात जेकब मेंडेस द कॉस्टा नावाचे फिलाडेल्फियाचे डॉक्टर सैनिकांवर उपचार करत होते. छातीत धडधड, दुखणं, थोड्या श्रमानं धाप, आणि तपासावं तर हृदयाच्या रचनेत दोष नाही, असे शेकडो जवान त्यांनी पाहिले. १८७१ साली त्यांनी त्यावर निबंध लिहिला आणि या अवस्थेला 'चिडखोर हृदय' म्हटलं. पुढं तिला 'सैनिकाचं हृदय' असंही नाव पडलं. पहिल्या महायुद्धातही हीच तक्रार घेऊन शिपाई दवाखान्यात येत राहिले. पॅनिकच्या आजाराला मानसोपचाराच्या अमेरिकन वर्गीकरणात स्वतंत्र नाव मिळालं ते १९८० मध्ये. म्हणजे तोफेपुढं उभ्या राहणाऱ्या जवानांना हे झालं होतं. 'मर्द माणसाला असलं काही होत नाही' असं जे चुलते-मामे सांगतात, त्यांच्यासाठी ही माहिती.

आता आमिलकडं येऊ.

आमच्या गल्लीत एक नवी सून आली होती, बावीस वर्षांची. एका संध्याकाळी तिचा श्वास भराभर चालायला लागला, ओठांभोवती मुंग्या आल्या, आणि दोन्ही हातांची बोटं पाखराच्या चोचीसारखी एकत्र आवळून अंगठे तळव्यात गेले. उघडायला जावं तर उघडेनात. घरात बोंब झाली, 'हवा लगी'. मोटारसायकलवर पोरगा पाठवून आमिलसाहेबांना आणलं. त्यांनी पढून फुंकलं, पाणी पाजलं, आणि काही वेळात हात सुटले. पैसे घेतले, ताबीज दिलं, आणि जाताना दारात थांबून हळूच सांगितलं की, घरातल्याच एका बाईनं काहीतरी केलंय.

हाताचं गणित असं आहे. माणूस घाबरून भराभर श्वास घ्यायला लागला की शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. त्यानं रक्त थोडं अल्कलीकडं झुकतं आणि रक्तातल्या कॅल्शियमपैकी जो भाग मोकळा असतो, कामाला येतो, तो कमी होतो. नसा चाळवतात. मग ओठांना, बोटांना मुंग्या येतात आणि हात तसे आवळतात. मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्याही आकसतात, म्हणून गरगरतं, आपण आपल्यात नाही असं वाटतं, आवाज लांबून आल्यासारखे येतात. भूताखेताच्या गोष्टीतलं निम्मं सामान इथंच जमा झालं. श्वास संथ झाला की सगळं परत जागेवर येतं.

आणि पॅनिकचा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला पोहोचतो, मग आपसूक उतरायला लागतो. आमिलसाहेबांना आणायला मोटारसायकल जाऊन येईपर्यंत उतार सुरू झालेलाच असतो. ते रोज उतारावर येतात आणि गाडी आपण ढकलली म्हणतात.

मी पढण्याची चेष्टा करत नाही, हे स्पष्ट सांगते. ओळखीच्या आयती कुणी कानाशी संथपणे म्हटल्या की धीर येतो, बरोबरीनं म्हणायला लागलं की श्वास लांबतो. तो फायदा खरा आहे आणि तो फुकट आहे. आई, सासू, नवरा कुणीही देऊ शकतं. माझा राग दारात थांबून हळूच सांगितलेल्या त्या वाक्यावर आहे. त्या वाक्यानं दोन जावांचं बोलणं बंद झालं. सुनेला पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच झालं, तेव्हा तिला डॉक्टरकडं न्यायचं की आणखी मोठ्या आमिलकडं, यावर घरात भांडण झालं. सासर, नवं घर, सकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत काम, माहेरी फोन करायचा तर सगळ्यांसमोर: तिला झोप लागते का, हे कुणी विचारलं नाही.

दर्गा आणि दवाखाना यांनी एकमेकांकडं पाठ फिरवून बसायलाच हवं, असंही नाही. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथं मीरा दातार यांचा दर्गा आहे. 'असर' झालेल्यांना घेऊन लोक तिथं जातात, आपल्या महाराष्ट्रातूनही जातात. तिथं 'दवा और दुआ' या नावानं मानसोपचाराचं काम दर्ग्याच्या खादिमांना बरोबर घेऊन उभं राहिलं. दुआ मागा, मग शेजारी डॉक्टर बसलेत त्यांनाही भेटा, अशी व्यवस्था. दुसरं टोक म्हणजे तमिळनाडूतलं एरवाडी. ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका खासगी निवासात आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळू न शकल्यानं मेले. नुसत्या घाबरण्यावरून माणूस साखळीपर्यंत जात नाही, मान्य. पण 'हा डॉक्टरचा मामला नाही' हे पहिलं वाक्य दोन्ही रस्त्यांवर एकच असतं.

घरातले दीनदार लोक आणखी एक गोष्ट बोलतात, ती मला आमिलपेक्षा जास्त लागते. "ईमान मजबूत असतं तर एवढी घबराहट झाली नसती." म्हणजे आधीच छातीवर दगड, त्यावर गुन्ह्याचं ओझं. तवक्कुलचं नाव घेणाऱ्यांनी उंट आधी बांधायला सांगणारी हदीसही आठवावी. आणि अबू जैद अल-बल्खी यांचं नाव ऐकलं नसेल तर ऐकून ठेवावं. आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्खचे हे विद्वान इ.स. ९३४ मध्ये वारले. शरीर आणि मन या दोन्हींच्या निगेवर त्यांनी अरबीत एक ग्रंथ लिहिला. त्यात भीती, राग, दुःख आणि वस्वसा यांचा त्यांनी वेगवेगळा विचार केलाय. शरीराचं दुखणं मनाला लागतं आणि मनाचं शरीराला, हे मांडलंय. त्यांचा एक सल्ला मला फार व्यवहारी वाटतो: घरात जशी अडीअडचणीला औषधं ठेवतो, तसे धीराचे विचार बरे असतानाच मनात साठवून ठेवावेत, म्हणजे वेळेवर शोधाशोध होत नाही. अकराशे वर्षांपूर्वीचा एक मुसलमान आलिम ज्याला आजार म्हणून हाताळतो, त्याला आपण २१ व्या शतकात ईमानाची कमतरता म्हणतोय.

आता मावसभावाकडं पुन्हा जावं लागेल, कारण त्याच्या गोष्टीत एक भाग राहिला. त्याची धडधड सुरू झाली ती ऑगस्ट २०२३ मध्ये. ३१ जुलैच्या पहाटे जयपूर–मुंबई एक्स्प्रेसमध्ये, पालघरजवळ, रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायानं आपल्या वरिष्ठासह चौघांना गोळ्या घातल्या. मेलेले तिन्ही प्रवासी मुसलमान होते. मावसभाऊ त्या गाडीत नव्हता, त्या मार्गावरही कधी जात नाही. पण त्यानं मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. त्यानंतर सिद्धेश्वरमध्ये वरचा बर्थ मिळाला तरच तो निवांत असतो, फोन आला की सलाम न करता 'हॅलो' म्हणतो, डब्यात गणवेशातला माणूस शिरला की त्याचे तळवे ओले होतात. हे त्यानं कुठल्याही डॉक्टरला सांगितलेलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं, आणि छातीच्या डॉक्टरला ट्रेनचं काय सांगायचं?

इथं आपल्यातले दोन प्रकारचे लोक आपापली बाजू घेतात. एक म्हणतात, हा आजार नाही, हे हालात आहेत. समाजावर अन्याय होतोय आणि तुम्ही गोळ्या खायला सांगता. दुसरे म्हणतात, राजकारण मध्ये आणू नका, हा त्याचा स्वभावच भित्रा. मला दोघांचंही पटत नाही. कारण खरं आहे, अगदी खरं. पण धोका समोर असताना वाटते ती भीती, आणि धोका मैलोगणती दूर असताना स्वतःच्या घरात, कडी लावलेल्या दाराआड, रात्री दोन वाजता अंग घामानं भिजतं तो आजार. हालात बदलायला किती वर्षं लागतील कोण जाणे. तोपर्यंत त्यानं झोपू नये काय? उपचार घेतले म्हणून बाहेर सगळं आलबेल आहे असं कबूल केल्यासारखं होत नाही. उलट मोर्चाला जायला, कोर्टाची तारीख गाठायला, मुलांना धीर द्यायला झोप झालेला माणूस लागतो.

एकदम झटका येतो तो निदान दिसतो तरी. दुसरा प्रकार वर्षानुवर्षं दिसतच नाही. मान-खांदे दगडासारखे, झोपेत दात खाल्ल्यानं सकाळी जबडा दुखणं, घशात न गिळता येणारा गोळा, घराबाहेर पडायच्या आधी दोनदा संडास, तासातासाला लघवी, दिवसभर थकवा आणि रात्री डोळा लागेना. यातलं प्रत्येक दुखणं वेगळ्या डॉक्टरकडं जातं. माझ्या एका फुप्पीचं खानदानात तहज्जुदगुजार म्हणून नाव आहे. रोज रात्री तीनला उठून नमाज पढते. एकदा भांडी घासता घासता मला म्हणाली, "बेटा, तीन बजे आँख खुद खुलती, फिर नींद आतीच नै. पड के क्या करूँ, पढ लेती." तिच्या इबादतीला मी कमी लेखत नाही, अल्लाह कबूल करो. पण पाच वर्षं तिची झोप मोडतेय ही गोष्ट घरात कुणाच्या लक्षात आली नाही, कारण ती चांगल्या कामाच्या आड लपली होती.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी, नाहीतर या लेखाचा कुणीतरी उलटा अर्थ काढेल. छातीत पहिल्यांदा दुखलं, तर अँग्झायटी आहे की काय याचा विचार घरी बसून करायचा नाही, दवाखाना गाठायचा. दुखणं डाव्या हाताकडं, जबड्याकडं, पाठीकडं जात असेल, चालताना किंवा जिना चढताना येत असेल, चक्कर येऊन माणूस पडला असेल, शुगर-बीपीचा रुग्ण असेल, वय चाळिशीच्या पुढं असेल, तर अजिबात वेळ घालवू नये. धडधडीला दुसरीही कारणं असतात. थायरॉइड वाढलेलं असतं. रक्त कमी असतं. आपल्या बायकांच्या बाबतीत तर ही तपासणी आधी व्हावी, कारण 'टेन्शन आहे' म्हणून परत पाठवलेल्या बाईचं हिमोग्लोबिन सात निघू शकतं. शुगरच्या गोळीनं साखर एकदम उतरलेली असते. हृदयाची लय बिघडलेली असते. दम्याच्या पंपानं धडधडतं. दिवसाला दहा कप कडक चहा आणि गालात सतत मावा असेल, तर हृदयाला दोष देण्याआधी तेवढं कमी करून बघावं. तपासण्या एकदा नीट, पूर्ण कराव्यात. सहाव्यांदा तोच ईसीजी काढणं ही मात्र तपासणी नव्हे.

आणि मेडिकलवाल्याचं काय? त्याच्याकडं 'झोपेची हलकी गोळी' असते. बहुतेक वेळा ती अल्प्राझोलाम. अर्ध्या तासात बरं वाटतं, म्हणूनच ती फसवी आहे. काही आठवडे रोज घेतली तर शरीराला तिची सवय लागते, आणि अचानक बंद केली तर पहिल्यापेक्षा जास्त धडधड, झोप गायब, कधी फिट्ससुद्धा. कायद्यानं ही गोळी चिठ्ठीशिवाय देता येत नाही, विक्रीची नोंद ठेवावी लागते. प्रत्यक्षात ती चार-चारच्या तुकड्यात कापून मिळते. योग्य उपचार हळू असतो: रोजची औषधं लागू पडायला दोन ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थता थोडी वाढूही शकते, आणि हे आधी न सांगितल्यामुळं कित्येक जण चौथ्या दिवशी गोळ्या फेकतात. औषधांइतकाच उपयोग समुपदेशनाच्या काही पद्धतींचा होतो, विशेषतः शरीराच्या खुणांचा माणूस जो भलता अर्थ लावतो तो तपासायला शिकवणाऱ्या. रमजानमध्ये गोळ्या बंद कराव्यात का, असं मला दोघींनी विचारलं. स्वतःच्या मनानं बंद करू नका. यातली बरीच औषधं दिवसातून एकदाच असतात, सहरी की इफ्तार ते डॉक्टर ठरवून देतात. झटक्याच्या वेळी तोंडाला पिशवी लावायचा जुना उपाय करू नका, छातीचं दुसरं काही असेल तर तो घातक ठरतो. श्वास आत घेताना तीनपर्यंत मोजा, सोडताना सहापर्यंत. एवढं पुरतं.

डॉक्टरकडं जाताना एक चिठ्ठी न्यावी असं मी आता सगळ्यांना सांगते. किती वाजता झालं, किती वेळ टिकलं, त्याच्या आधी काय चाललं होतं, त्या दिवशी झोप किती झाली होती. मावसभावानं तीन आठवडे असं वहीत लिहिलं. वही पाहून मानसोपचाराच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमचं मुंबईला जाणं कोणत्या वारी असतं?" पाचपैकी चार रात्री प्रवासाच्या आदल्या होत्या.

बंगळुरूच्या निम्हान्सनं केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोहोचलेलेच नव्हते. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची ओपीडी असते. पण 'मानसोपचार' ही पाटी वाचून माझी फुप्पी त्या दारातून आत जाणार नाही. तिला मनाचं काही झालेलंच नाही. तिच्या घशात गोळा आहे.

म्हणून जमातच्या आणि मोहल्ला कमिटीच्या लोकांपुढं माझी एक मागणी आहे. तुम्ही दर वर्षी बीपी-शुगरचं मोफत शिबिर भरवता, रक्तदान करता, मोतीबिंदूची तपासणी ठेवता, चांगलं करता. पुढच्या शिबिरात आणखी एक टेबल लावा. पडदा हवा, बायकांसाठी दुपारची वेगळी वेळ हवी, आणि ज्या सासवा बरोबर येतील त्यांना चहा पाजत बाहेर बसवायला एक समजूतदार बाई हवी. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडचं रक्त तिथंच घ्या. पाटीवर मनाचं नाव नको. उर्दूत, मराठीत लिहा: दिल घबराना, छातीत धडधड, हाताला मुंग्या, घशात गोळा, रात्री तीनला जाग. मानसोपचाराच्या डॉक्टरांना गळ घालायचं काम माझं. दोघांशी बोलणं झालंय, रविवार असेल तर येतो म्हणालेत.